मलमाच्या नळीवर नसलेला शब्द

औषधांच्या दुकानात दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एकीवर छापलेले असते, हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का. दुसरीवर, क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के. तान्ह्या मुलाच्या गालांवर लाल चट्टे उठले म्हणून धावत आलेला बाप दशमान अपूर्णांक विसरला नसेल, तर दुसरी नळी पहिलीच्या विसाव्या हिश्श्याइतकी सौम्य आहे असाच हिशेब मांडील. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. दाह शमविण्याच्या कसोटीवर क्लोबेटासोल हे हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा शेकडो पटींनी प्रबळ ठरते. मलमात औषध किती मिसळले आहे एवढेच टक्केवारी सांगते. त्या औषधाचा एकेक रेणू किती जोराने काम करतो, याविषयी ती गप्प असते. ते सांगणारा एखादा साधा शब्द, सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र यांपैकी कोणताही, नळीवर छापण्याची सक्ती भारतात नाही.

मुलांच्या इसबावर लावल्या जाणाऱ्या स्टेरॉइड मलमांविषयी समाजमाध्यमांवर जो वाद चालतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या न छापलेल्या शब्दात आहे. एक बाजू म्हणते, स्टेरॉइड म्हणजे विष, मुलाच्या कातडीला ते लावूच नये. दुसरी बाजू वाद घालत नाही. ती दुकानातून नळी आणते, आठ दिवसांत चट्टे गेले म्हणून खूश होते आणि पुन्हा उठले की पुन्हा लावते. दोघांच्याही तोंडी शब्द एकच असतो, आणि तो इतका व्यापक असतो की त्यात काहीच नेमके उरत नाही. ‘पाणी’ या एका शब्दात दवबिंदू आणि महापूर दोन्ही कोंबावेत, तसे हे आहे.

या औषधाचा इतिहास फार जुना नाही. अधिवृक्क ग्रंथींतील संप्रेरकांवरील कामासाठी केंडल, राइकस्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, सल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट त्वचेवर लावून इसब शमतो असे दाखविले. त्यापूर्वी डांबराची मलमे, ओल्या पट्ट्या आणि धीर, एवढीच सामग्री वैद्यांकडे होती. पुढच्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूला फ्लोरिनसारखे अणू जोडून त्याची ताकद वाढवीत नेली. ताकद मोजायची कशी, हा प्रश्न १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी सोडविला: मलम कातडीवर लावावे आणि तेथील रक्तवाहिन्या आकसून कातडी किती पांढरी पडते ते पाहावे. आजही मलमांची प्रतवारी मोठ्या प्रमाणात याच परीक्षेवर उभी आहे. ही परीक्षा गोऱ्या कातडीवरच सहज वाचता येते, हे जाता जाता नोंदवायला हवे. सावळ्या वर्णाच्या देशात इसबाची लालीसुद्धा जांभळट किंवा करडी दिसते आणि अनेकदा नजरेतून निसटते.

आता दुष्परिणामांकडे. स्टेरॉइडचा रेणू पेशीत शिरतो, तेथील ग्राहक प्रथिनाला चिकटतो, केंद्रकात जातो आणि दाह पेटविणाऱ्या जनुकांचा आवाज खाली आणतो. गुण येतो तो यामुळेच. परंतु त्याच हालचालीत त्वचेतील कोलॅजन तयार करणाऱ्या पेशीही मंदावतात. म्हणून प्रबळ मलम एकाच जागी महिनोन्‌महिने लावले, तर कातडी पातळ होते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, काखेत व जांघेत ताणाच्या रेषा उमटतात. पातळ झालेली वरची त्वचा औषध थांबविल्यावर बरीचशी पूर्ववत होते; ताणाच्या रेषा मात्र जात नाहीत. तोंडाभोवती बारीक पुरळ येते, गालांवर लव वाढते, पापण्यांवर दीर्घकाळ लावल्यास डोळ्यातील दाब वाढण्याची भीती असते. औषध आणि अपाय यांची वाट एकच आहे, आणि त्यामुळेच मात्रा, जागा आणि दिवस या तीन गोष्टींवर सारे अवलंबून राहते.

त्यांपैकी जागेचे महत्त्व सर्वांत कमी सांगितले जाते. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाक यांनी शरीराच्या निरनिराळ्या भागांतून हायड्रोकॉर्टिसोन किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या आतल्या बाजूचे शोषण १ धरले, तर कपाळाचे सुमारे ६, जबड्याचे १३ आणि अंडकोशाच्या त्वचेचे ४२ भरले. तळपायाचे जेमतेम ०.१४. म्हणजे एकच मलम, तेवढेच बोट, पण पायाला लावले तर नगण्य आणि जांघेत लावले तर भलतेच काही. त्यात मूल तान्हे असेल, तर वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक असते. वरून डायपर. प्लास्टिकचा थर घाम कोंडतो, कातडी ओली राहते, औषध आत ढकलले जाते. दवाखान्यात जखमेवर मुद्दाम आवरण घालून औषधाचा जोर वाढवितात. घरात डायपर तेच काम कोणाच्याही ध्यानीमनी नसताना करतो.

याचा परिणाम भारत, तुर्कस्तान, इराण येथील बालरोगतज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा नोंदविला आहे. डायपरच्या पुरळावर कोणी तरी क्लोबेटासोल सुचविते, ते आठवडेच्या आठवडे लावले जाते, आणि बाळ गुबगुबीत होऊ लागते. चेहरा गोल, गाल लोंबलेले, अंगावर लव. आपल्याकडे अशा बाळाचे कौतुक होते. बाळसे धरले म्हणून आजी काजळाची तीट लावते. बाळसे आणि कुशिंगचा विकार यांतला फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे, ती म्हणजे उंची. खाऊनपिऊन धष्टपुष्ट झालेले मूल वाढतेही. स्टेरॉइडने फुगलेल्या मुलाचे वजन चढत जाते आणि उंची अडून राहते. आत काय होते, तर बाहेरून आलेले संप्रेरक पुरेसे आहे असे मेंदूला वाटते, तो पियुषिका ग्रंथीमार्फत अधिवृक्क ग्रंथींना जाणारा निरोप थांबवितो, आणि कामाविना त्या ग्रंथी सुस्तावतात. अशा मुलाचे मलम घाबरून एका दिवसात बंद केले आणि त्याच आठवड्यात त्याला जोराचा ताप वा जुलाब झाले, तर शरीराला लागणारे कॉर्टिसॉल वेळेवर तयार होत नाही. ही अवस्था जिवावर बेतू शकते. मलम थांबवायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असा आग्रह धरला जातो त्याचे कारण हे आहे.

एवढे वाचून कोणाही पालकाने घरातील नळी कचऱ्यात टाकावी. नेमके हेच अनेक जण करतात, आणि येथे प्रश्नाची दुसरी बाजू सुरू होते.

वर सांगितलेले सारे अपाय खरे आहेत. ते कितीदा होतात, हा निराळा प्रश्न आहे. इसबावरील स्टेरॉइडच्या वापराविषयी कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १०४ चाचण्या तपासल्या गेल्या. त्वचा पातळ होण्याची नोंद ठेवणाऱ्या २२ चाचण्यांतील २२६६ रुग्णांपैकी २६ जणांत ती आढळली, म्हणजे सुमारे १ टक्का, आणि त्यांतले बहुतेक अतितीव्र किंवा तीव्र मलमे वापरणारे होते. चाचण्या बहुधा थोड्या आठवड्यांच्या असतात, हा आक्षेप रास्त आहे. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४१८ तान्ह्या मुलांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांतील एका गटाला पायमेक्रोलिमस आणि दुसऱ्याला सौम्य ते मध्यम स्टेरॉइड दिले होते. स्टेरॉइडच्या गटात त्वचा पातळ झाल्याची नोंद एकच झाली. नॉटिंगहॅम येथे २००२ मधील एका चाचणीत सौम्य ते मध्यम इसबाच्या काही मुलांना तीन दिवस तीव्र मलम आणि चार दिवस औषधाविना नुसते मलम, तर इतरांना सातही दिवस १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन दिले. अठरा आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच होते आणि कोणाचीही त्वचा पातळ झालेली नव्हती.

तरीही भीती हटत नाही, आणि ती काही अडाण्यांची भीती नव्हे. इंग्लंडमध्ये २००० साली तपासलेल्या २०० रुग्णांपैकी ७२.५ टक्के रुग्णांना या मलमांची धास्ती होती, आणि जवळजवळ चौथाई लोकांनी त्यापायी औषध नीट लावले नसल्याचे कबूल केले. फ्रान्समध्ये २०११ मध्ये हीच धास्ती ८० टक्क्यांच्या घरात भरली. धास्तीचा परिणाम मुलाच्या अंगावर दिसतो. रात्रभर खाजविणारे मूल झोपत नाही, त्याची आई झोपत नाही. शाळेत त्याचे लक्ष लागत नाही. खाजविलेल्या जागी स्टॅफिलोकॉकसचा संसर्ग होऊन पू धरतो. सतत ओरबाडलेली कातडी हत्तीच्या कातडीसारखी जाड होते. भारतातील मुलांमध्ये आणखी एक गैरसमज भर घालतो. इसब शमला की त्या जागी काही महिने फिकट डाग राहतो. हा डाग बहुधा इसबाच्याच दाहाचा अवशेष असतो, पण दोष मलमाच्या माथी बसतो, कारण मलम लावल्यावर तो दिसला. प्रबळ स्टेरॉइडनेही रंग फिका पडतो, हे खरे असल्यामुळे गैरसमज खोडून काढणे अधिकच कठीण जाते.

समाजमाध्यमांनी याच धास्तीवर अलीकडे एका नव्या नावाची फोडणी घातली आहे: स्टेरॉइड सोडल्यावर कातडी पेटणे. ही अवस्था काल्पनिक नाही. क्लिगमन आणि फ्रॉश यांनी १९७९ मध्येच स्टेरॉइडच्या ‘व्यसना’विषयी लिहिले होते, आणि ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये तिची दखल घेऊन सूचना काढल्या. परंतु नोंदलेली बहुसंख्य उदाहरणे प्रौढ स्त्रियांची, चेहऱ्यावर मध्यम ते तीव्र मलम दीर्घकाळ लावणाऱ्यांची आहेत. जळजळीत लाल चेहऱ्याचे एक छायाचित्र पाहून सहा महिन्यांच्या मुलाचे आठवड्यातून दोनदा लावायचे सौम्य मलम बंद करणे, हा त्या माहितीचा विपर्यास आहे. शिवाय उलटलेला इसब आणि औषध सोडल्याचा दाह यांत फरक करणे तज्ज्ञांनाही नेहमी साधत नाही, मग सोळा सेकंदांच्या चित्रफितीवरून तो कसा करता येणार?

या जागतिक वादात भारताची परिस्थिती वेगळी आहे, आणि ती वेगळी आहे म्हणूनच पाश्चात्त्य देशांतील उत्तरे येथे जशीच्या तशी चालत नाहीत. तिकडे मुख्य समस्या धास्तीची आहे. येथे धास्ती आणि बेफिकिरी एकाच गल्लीत, कधी एकाच घरात नांदतात. मुलाच्या इसबाला डॉक्टरांनी दिलेले हायड्रोकॉर्टिसोन लावायला नकार देणारे घर ‘गोरे होण्याच्या’ मलमात दडलेले मोमेटासोन किंवा बीटामेथासोन बिनदिक्कत वापरते, कारण त्या नळीला कोणी स्टेरॉइड म्हणत नाही. बारा केंद्रांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे वापरीत असल्याचे आढळले. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना या बिघडलेल्या चेहऱ्यांसाठी ‘स्टेरॉइडने बाधित चेहरा’ असे स्वतंत्र निदानच योजावे लागले. जगाच्या वैद्यकीय कोशात भारताने घातलेली ही भर अभिमानाची खचितच नाही.

दुसरी भर त्याहून गंभीर आहे. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच नळीत कोंबलेली मिश्रणे येथे वर्षानुवर्षे खपत आली. खाज कशाची आहे हे ठाऊक नसले तरी चालते, तिघांपैकी कोणी तरी लागू पडेल, असे हे बंदुकीच्या छऱ्यांचे वैद्यक. नायट्यावर ते लावले की स्टेरॉइडमुळे लाली व खाज जाते, बुरशी मात्र निर्धास्त पसरते. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी बुरशीच्या एका जातीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले, त्यातील ‘इंडो’ हा भारताचा निर्देश. टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही, आणि आता ती अनेक देशांत सापडते. तिच्या फैलावामागे अशा मिश्रणांच्या मुक्त वापराचा हात आहे, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात. घरातील मोठ्या माणसाचा नायटा एकाच टॉवेलातून, एकाच अंथरुणातून मुलाकडे येतो. मुलाच्या पोटावरचा तो गोल चट्टा इसब समजला जातो, पुन्हा तीच नळी काढली जाते, चट्ट्याची कडा पुसट होते आणि पुढे तपासणाऱ्याला तो ओळखूच येत नाही. खरजेचेही तसेच. म्हणून मुलांतील दुष्परिणामांचा हिशेब मांडताना पातळ झालेली कातडी मोजून भागत नाही. चुकलेले निदानही त्यात धरावे लागते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. अनुसूची ‘एच’ मधील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण अंगावर लावायच्या औषधांना तीत सवलत होती, आणि या पळवाटेतून क्लोबेटासोल साबणासारखे विकले जात होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातही गेले, आणि २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड औषधांच्या मलमांची ही सवलत काढून घेण्यात आली. त्याच वर्षी बंदी घातलेल्या ३२८ मिश्र औषधांत काही स्टेरॉइडयुक्त मलमेही होती. कागदावर पाहता भारताचा नियम पुष्कळ देशांइतकाच कडक झाला. दुकानाच्या फळीवर मात्र ‘खाजेचे काही तरी द्या’ या चार शब्दांना चिठ्ठीचे मोल अजूनही मिळते. ज्या तालुक्यात त्वचारोगतज्ज्ञ नाही, तेथे दुकानदारच पहिला आणि शेवटचा सल्लागार असतो. त्याला दंड करून तज्ज्ञ उगवत नाहीत.

विक्रीवर पहारा ठेवणे अवघड आहे, हे मान्य केले की नळीवर काय छापले आहे याला महत्त्व येते. ब्रिटनच्या नियामकाने २०२४ मध्ये ठरविले की स्टेरॉइड मलमांच्या वेष्टनावर त्यांची ताकद सौम्य, मध्यम, तीव्र वा अतितीव्र अशा सोप्या शब्दांत लिहावी. भारताला याची गरज ब्रिटनपेक्षा अधिक आहे, कारण तिकडे तीव्र मलमाची नळी चिठ्ठीवर मिळते आणि इकडे ती हातोहात फिरते. यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला भाषेचा: बावीस भाषांच्या देशात शब्द कोणता छापायचा? त्याला उत्तर आहे. खाद्यपदार्थांवरील हिरवा ठिपका निरक्षरालाही कळतो. चार रंगांचे पट्टेही कळतील. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘तीव्र’ हा शब्द पाहून आधीच भ्यालेले पालक गरजेचे मलमही टाकून देतील. ही शक्यता नाकारता येत नाही. तरी जो पालक आज ‘स्टेरॉइड’ या सरसकट शब्दाला घाबरतो, त्याला आपल्या मुलाच्या नळीवर ‘सौम्य’ हा शब्द प्रथमच दिसेल, हा लाभ त्या तोट्याहून मोठा वाटतो. चेहरा आणि डायपरची जागा यांवर लावू नये, अशी आकृतीही तीव्र मलमांवर असावी.

उरते ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचे. ‘थोडेसे लावावे’ हे वाक्य चिठ्ठ्यांवर इतके मुरले आहे की त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. थोडेसे म्हणजे किती? लाँग आणि फिन्ले यांनी १९९१ मध्ये याला माप दिले: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून ओढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढे मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते. ‘थोडेसे’ या शब्दाने भिणारा पालक पुरेसे लावीत नाही, इसब अर्धवट राहतो, मग मलम पंधरा दिवसांऐवजी दोन महिने चालते. कमी लावण्याची सूचना अशा रीतीने जास्त दिवसांच्या वापराला जन्म देते. वर उल्लेखिलेल्या कॉक्रेन आढाव्यात आणखी एक उपयोगी गोष्ट होती. चट्टे गेल्यानंतरही नेहमीच्या जागी आठवड्यातून सलग दोन दिवस मलम लावीत राहिल्यास इसब उलटण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आले. तीव्र मलम दिवसातून दोनदा लावल्याने एकदा लावण्यापेक्षा फारसे अधिक काही साधत नाही, हेही त्यात दिसले. या दोन ओळी ज्या पालकाला सांगितल्या जातात, त्याच्या मुलाला वर्षभरात लागणारे स्टेरॉइड घटू शकते.

त्वचेचा बांध मुळात कच्चा असतो, म्हणून हे सारे. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील बिघाड आणि इसब यांचे नाते २००६ मध्ये उलगडले, आणि कातडी मऊ व ओलसर ठेवण्याच्या जुन्या सल्ल्याला त्यातून भक्कम आधार मिळाला. येथेही सारी तेले सारखी नाहीत. उत्तर आणि पूर्व भारतात बाळाला चोळतात ते मोहरीचे तेल उंदरांवरील प्रयोगांत त्वचेचा बांध आणखी ढिला करते असे दिसले. सूर्यफुलाच्या तेलाने तो सुधारला. कोकण, गोवा, केरळ येथील शुद्ध खोबरेल तेलाने फिलिपिन्समधील इसबाच्या मुलांत खनिज तेलापेक्षा चांगला गुण दाखविला. टॅक्रोलिमसचे मलम दोन वर्षांवरील मुलांच्या चेहऱ्यासाठी उपलब्ध आहे आणि ते कातडी पातळ करीत नाही, पण त्याची नळी हायड्रोकॉर्टिसोनच्या नळीपेक्षा पुष्कळ महाग पडते. डुपिलुमॅबची इंजेक्शने तर बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचीच आहेत. स्टेरॉइड वाईट, तर मग दुसरे काही द्या, असे म्हणणे सोपे असते. ज्या घरात महिन्याच्या औषधाला दोनशे रुपये निघणे कठीण, तेथे योग्य ताकदीचे, योग्य मापाने, योग्य जागी आणि मोजक्या दिवसांसाठी लावलेले स्वस्त स्टेरॉइड हेच आजमितीस मुलाला शांत झोप देणारे औषध आहे. ते मिळविण्यासाठी त्या घराला तालुक्याच्या गावी जाऊन दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात क्लोबेटासोल मात्र रात्री नऊपर्यंत मिळते.